पिवळ्या छत्रीच्या मागे मागे

राजवाड्याच्या फाटकापाशी पोचल्या पोचल्या तिच्या डोक्यात छत्री बसली.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी, सॉरी!" छत्रीवाला गर्रकन वळला, आणि वळता वळता छत्रीचं टोक शेजारच्या काकूंच्या पर्समध्ये अडकलं. ते कसंबसं सोडवून, चष्मा सावरून त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला. "फार... फार लागलं का हो?"

"पाऊस नाही, काही नाही, आणि तुम्ही ती तलवारीसारखी फिरवताय. लागणार नाही तर काय!"

"मी गाइड आहे. लोकांना लांबून दिसावी म्हणून पिवळी छत्री."

"मला जवळूनच दिसली," कपाळ चोळत ती म्हणाली.

तो हसला. गालाला खळी पडली. पुरुषाच्या गालाला एवढी खोल खळी देऊन देवाने उगाच वाया घालवली, असं तिला त्या क्षणी वाटलं. आणि असलं काही आपल्याला वाटावं याचा रागही आला.

ती एका लहानशा गावातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आयुष्यात पहिल्यांदाच एकटी फिरायला निघाली होती, दोन दिवस राजधानी बघायला. घरी वहिनीने तेवढं "बिनधास्त जा" म्हटलं. बाकी सगळ्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली होती. ती मात्र खुशीत होती. कुणाचं डोकं दुखत नाही, कुणाला तहान लागत नाही, मनात येईल तिथे थांबायचं!

दोन दिवसांच्या सहलीचं तिकीट तिने याच छत्रीवाल्याच्या गटात काढलं होतं. गट तसा छोटासाच. त्या पर्सवाल्या काकू. राजवाडा सोडून फक्त एकमेकांकडे बघणारं एक नवं जोडपं. आणि टोपी घातलेले एक आजोबा, सगळ्यांच्या मागून चालणारे, आल्याच्या गोळ्या चघळणारे, कुणाशी चकार शब्द न बोलणारे.

"हा दरवाजा बघा," गाइड छत्री उंचावून म्हणायचा. तोवर हिने लांबूनच दरवाज्यावरची पाटी वाचून काढलेली असायची. गाइडची माहिती पाटीशी जुळली, की ती आपसूक पुटपुटायची, "बरोबर." दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणाऱ्या बाईची सवय ती, जाणार कुठे! पण ती 'बरोबर' म्हणाली, की गाइडचे कान लाल व्हायचे.

आणि मग काय विचारता! बसमध्ये खिडकीची जागा हिला. चहाच्या दुकानात, "साखर कमी ना? सकाळी अर्धा कप तसाच ठेवलात तुम्ही." उन्हात पिवळी छत्री हिच्या डोक्यावर. काकू बिचाऱ्या पदराने वारा घेत उभ्या!

पुलावर नदीचा वारा भणाणत होता. तिचे केस सारखे डोळ्यांवर येत होते, आणि त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

"थांबा," तिला राहवेना. "इकडे या. काढा तो चष्मा."

तिने काडी दोन बोटांत धरून हलकेच वाकवली, नाकावरचा आधार नीट केला, आणि स्वतःच्या हातांनी चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. रोज कितीतरी डोळ्यांत ती वाकून बघायची. हे डोळे तपकिरी होते, बाकी चारचौघांसारखेच. मग हिचीच छाती का अशी धडधडायला लागली?

"आता दिसतंय नीट?" तिने विचारलं.

"फारच..." तो म्हणाला. "पुलाकडे बघायला हवं होतं ना मी?"

"हो. गट पुलाकडेच बघतोय."

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत ती स्वतःशीच हसत झोपली. राजधानीला एकटं यायचं म्हणून आलेली बाई, आणि अवघ्या एका दिवसात एकटेपणाचा पुरता बोऱ्या वाजला होता!

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तो घुटमळला. बाकीचे पुढे गेले होते.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

आता हा विचारणार... "विचारा ना."

"पास करताय ना मला?"

"म्हणजे?"

"आता कळलंय मला, लपवू नका. गाइडच्या परवान्याची शेवटची परीक्षा अशीच असते. परीक्षक साधा प्रवासी बनून गटात येतो, सांगत नाही. तुम्ही एकट्या आलात, लांबून पाट्या वाचून 'बरोबर' म्हणता, डोळ्यांत रोखून बघता... काल दुपारीच ओळखलं मी. नापास झालो तर परत मामांच्या लॉन्ड्रीत कपडे मोजायला बसायचं. म्हणून विचारलं."

म्हणजे खिडकी, चहा, छत्री... सगळं गुणांसाठी! आणि आपण वेड्यासारखे रात्री उशीला मिठी मारून हसत होतो!

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते," ती सावकाश म्हणाली. "परीक्षक-बिरीक्षक नाही मी. उगाच एवढा त्रास घेतलात माझ्यासाठी. येते."

"अहो, ऐका तरी—"

पण ती पायऱ्या उतरलीसुद्धा होती.

नदीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत तिने डोळ्यांतून टिपूस येऊ दिलं नाही. तिथे मात्र रुमाल काढावा लागला. घरी जावं का? छे! एका चष्मेवाल्यासाठी अख्खी राजधानी सोडायची? तिने नाक पुसलं, होडीचं तिकीट काढलं आणि रांगेत उभी राहिली. आवडला होता तो. मनापासून आवडला होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं आणि पुन्हा रुमाल काढला.

"ती बघा! ती बघा! निळ्या ओढणीची!"

काकूंचा आवाज! तिने वळून पाहिलं तर पिवळी छत्री धक्क्यावरून धावत येत होती. मागे पर्स सांभाळत काकू, त्यांच्यामागे हातात हात घालून जोडपं, आणि सगळ्यात शेवटी टोपी धरून धापा टाकत आजोबा.

"हे काय?" ती ओरडली. "तुमची परीक्षा चाललीय ना! गट सोडून—"

"गट सोडता येत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणून गटच घेऊन आलो. काकूंनी संग्रहालयाच्या खिडकीतून तुम्हाला इकडे वळताना पाहिलं होतं."

"कशाला आलात? मी काही गुण देणार नाहीये."

"माहीत आहे. म्हणूनच आलो." त्याने छत्री खाली ठेवली. "काल फाटकापाशी छत्री लागली, तेव्हा मला परीक्षा आठवतसुद्धा नव्हती. तुम्ही परीक्षक असाल हे दुपारी डोक्यात आलं... आणि खरं सांगू? वाईट वाटलं. परीक्षकाला कुणी 'पुन्हा भेटाल का' असं विचारतं का?"

"आणि तो चहा? खिडकी?"

"काल सकाळी परीक्षक कोण हे कुठे माहीत होतं मला? गुणांसाठी केलं असतं तर सगळ्यांसाठीच केलं असतं ना! काकूंना विचारा."

"मला पाणीसुद्धा विचारलं नाही मेल्याने!" काकूंनी लगेच साक्ष दिली.

"मलाही नाही," मागून आवाज आला. आजोबा! दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं होतं. "परीक्षक मी आहे. काल दिवसभरात या मुलाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नापासच करणार होतो."

गाइडचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो जागचा हलला नाही, तिच्यासमोरच उभा राहिला. "करा नापास," तो म्हणाला. "मी आधी यांचं उत्तर ऐकणार."

"अरे, माझं तर पुरतं ऐक! गटातलं माणूस निघून गेलं, तर बाकीच्यांना न हरवता त्याला शोधून आणणं, हे गाइडचं सगळ्यात अवघड काम. भल्याभल्यांना जमत नाही. तू करून दाखवलंस. पास!"

काकूंनी टाळ्या वाजवल्या. जोडप्याने एकमेकांवरची नजर काढून पहिल्यांदा दुसरीकडे पाहिलं. रांगेतले अनोळखी लोकही हसून टाळ्या पिटायला लागले. त्या गलक्यात परवाना मिळाल्याचं भान तरी त्याला होतं की नाही, देव जाणे. त्याची नजर तिच्यावरच.

"आणि... तुम्ही?"

ती रडत होती आणि हसतही होती. "आज संध्याकाळच्या बसने मी जाणार आहे," ती म्हणाली. "आणि पुढच्या रविवारी परत येणार आहे. तुला भेटायला. मला तू फार आवडतोस, कळलं?"

त्याच्या गालावर ती खळी उमटली. "राजधानी फार मोठी आहे हं. तुला सगळी दाखवायची म्हणजे वर्षंच्या वर्षं लागतील."

"लागू देत की!" ती म्हणाली, आणि काकूंच्या, आजोबांच्या, सगळ्या धक्क्याच्या देखत तिने त्याचा हात घट्ट धरला. "मला कुठे घाई आहे!"