न टोचलेली गल्ली

सोलापुरात ज्या गल्लीत टोचणी असते, तिथं त्या दिवशी निम्मी जत्रा भरते. सकाळी आठला शेगड्या बंद करायच्या, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकायच्या आणि गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या पिवळ्या दोरीबाहेर येऊन बसायचं. कुणी खुर्ची आणतं, कुणी निवडायला तांदूळ आणतं, कुणी पत्त्यांचा कॅट. मग वायुवाहिनी सुरक्षा नियमन मंडळाची गाडी येते. निरीक्षक एकोणीस कलमं वाचून दाखवतो, ती कुणी ऐकत नाही. त्यानंतर रस्त्याखालच्या गॅसच्या पाइपला सुईएवढं भोक पाडलं जातं. चुकून नव्हे, मुद्दाम, नियमाप्रमाणे.

म्हातारी माणसं याची चेष्टा करतात. पूर्वी गॅस गळला की सरकारी माणूस यायचा, आता सरकारी माणूस आला की गॅस गळतो, असं त्यांचं म्हणणं. चेष्टा बरोबर आहे, पण त्यामागचं शास्त्रही समजून घ्यायला हवं.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. पूर्वी त्यात मुद्दाम घाण वास मिसळायचे आणि मग सगळी सुरक्षा कुणाच्या तरी नाकावर सोडून द्यायचे. त्या नाकाला सर्दी झाली की संपलं. पुढं शास्त्रज्ञांनी पाइपाच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या वेष्टनाखाली, जिवाणूंचा एक पातळ थर वाढवला. त्याचं कागदोपत्री नाव जैवसाय. लोक नुसतं साय म्हणतात. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो आणि मिथेन हेच या जिवाणूंचं अन्न. एरवी ते उपाशी झोपलेले असतात. पाइपाला चीर गेली की त्यांच्या तोंडी घास येतो, ते जागे होतात, भराभर वाढतात आणि एक चिकट डिंक सोडतात. चाळीस मिनिटांत डिंक घट्ट होतो, चीर बुजते, आणि वरच्या घरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही.

फक्त जिवाणू काही आपल्याला बांधील नाहीत. डिंक करणं कष्टाचं काम असतं. वर्षानुवर्षं गळती झालीच नाही, तर डिंक न करणारे आळशी जिवाणूच जास्त टिकतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. साय दिसायला तशीच राहते, पण डिंक करायचं विसरते. म्हणून तिला आठवण द्यावी लागते. दर तीन वर्षांत एकदा प्रत्येक गल्लीत छोटी, मोजून-मापून केलेली गळती. पूर्वी पोरांना देवी टोचायचे, तसंच हे. लोकांनी नावही तेच दिलं.

टोचणीत धोका आठ हजारांत एक. मंडळाच्या पुस्तकात तो आकडा बारीक टायपात आहे.

निरीक्षक इरण्णा हत्तुरे यांना तो आकडा बारीक टायपात दिसत नसे. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात ती आठ हजारांतली एक टोचणी त्यांच्यासमोर फसली होती. दोरी ओलांडून चष्मा आणायला घरात गेलेल्या एका माणसाला त्यांनी स्वतःच्या हातांनी घोंगडीत गुंडाळून बाहेर आणलं होतं. तो माणूस वाचला नाही. इरण्णा त्याविषयी कधी बोलले नाहीत आणि नोकरीत पहिल्यापेक्षा कडक झाले. सख्ख्या मेहुण्याच्या हॉटेलचं कनेक्शन त्यांनी एका सैल नळीपायी तोडलं. मेहुणा अजून दिवाळीला येत नाही. त्यामुळे इरण्णा कुणाला सवलत देतील अशी शंका मंडळात कुणाला येणं शक्यच नव्हतं.

ती शंका पुण्याहून आलेल्या डॉ. ऋजुता शिधये यांनाही आली नव्हती. त्या मंडळाच्या शास्त्रज्ञ, वय पस्तीसच्या आसपास, डब्यात रोज तेच उपीट. सायीला डिंक करता येतो की नाही हे पाइप न टोचता ओळखण्याची पद्धत त्यांनी नुकतीच शोधली होती. ती पहिल्यांदा वापरली सोलापुरात. शहराच्या नकाशावर त्रेचाळीस लाल ठिपके उमटले. त्रेचाळीस गल्ल्यांतली साय विसरली होती.

"माती तपासली, पाणी तपासलं, पाइपांची वयं तपासली," त्या इरण्णांच्या टेबलावर नकाशा पसरत म्हणाल्या. "कशाचाच कशाशी मेळ बसत नाही. तुम्हाला शहर पाठ आहे, हत्तुरे साहेब. काही दिसतंय का बघा."

इरण्णांनी चष्मा पुसला. एका ठिपक्यावर त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली. ती मोगरे गल्ली होती. मग ते हळूहळू बाकीच्या ठिपक्यांवर बोट फिरवू लागले.

"ही आमच्या पवार निरीक्षकाची सासुरवाडी. ही शाळा, इथं शेखसाहेबांची मुलगी शिकवते. ही गल्ली..." ते थांबले. "इथं कामते निरीक्षकाची मैत्रीण राहायची. तिचं लग्न होऊन ती बेळगावला गेली, त्यालाही आता बावीस वर्षं झाली."

"मग?"

"तरी कामते तिथली टोचणी पुढं ढकलत राहिला. निवृत्त होईस्तोवर." इरण्णांनी नकाशाची घडी घातली. "मॅडम, यात माती-पाणी शोधू नका. आम्हा निरीक्षकांचा जिथं जिथं जीव आहे, तिथं तिथं ठिपका आहे."

नियमात एक कलम होतं. सबळ कारण असल्यास निरीक्षकाने टोचणी पुढील वर्षावर ढकलावी. मोगरे गल्लीच्या नोंदी डॉ. शिधये यांनी काढून पाहिल्या. गल्लीत लग्न. बाळंतीण. दहावीची परीक्षा. रस्त्याचं काम. वयोवृद्ध रहिवासी आजारी. अकरा वर्षं, अकरा कारणं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. सगळ्यांखाली सुवाच्य सही, इ. म. हत्तुरे.

"अकरा वर्षं मी तिला जपलं," इरण्णा म्हणाले. "आणि मीच तिला मरायला ठेवलं."

ती म्हणजे शांतव्वा. मोगरे गल्लीत तिचा कडक भाकरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली, बारा मोठ्या शेगड्या आणि बावीस बायका. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून आयटीआय शिकायला आलेला सोळा वर्षांचा इरण्णा दोन वर्षं तिच्याकडं जेवला. शांतव्वाला मूल नव्हतं. तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची. त्यानंतर त्याचं लग्न झालं, डोक्याचे केस गेले, पण गुरुवारचं जेवण तिथंच असा शिरस्ता कधी मोडला नाही.

दोन मार्ग होते. एक, गल्लीचा गॅस तोडायचा आणि नवा पाइप पडेपर्यंत दोन वर्षं थांबायचं. तेवढ्यात कारखाना उठला असता. दुसरा, प्रयोगशाळेत वाढवलेली ताजी साय सुईनं आत सोडायची आणि लगेच टोचायचं. ती रुजली तर गल्ली वाचली. न रुजण्याची शक्यता आठ हजारांत एक नव्हती, चाळिसांत एक होती.

सांगायला दोघं एकत्रच गेले. इरण्णांना तोंड उघडवेना, म्हणून डॉ. शिधये यांनीच सांगितलं. शांतव्वा ऐंशीच्या घरातली, हात पिठात, डोळे दोघांवर.

"म्हंजे विरजणासारखं की," ती शेवटी म्हणाली. "रोज दुधाला लावलं तर जितं ऱ्हातंय. जपून ठेवलं तर मरतंय."

"अगदी तसंच, आजी."

"अव्वा म्हण. आजी कुणाची न्हाई मी." मग ती इरण्णांकडं वळली. "आणि तू रं? बाकीच्या गल्ल्यांत दर तीन वर्सांनी टोचत हिंडलास न्हवं? ती लोकं बाहेर बसलीच की. आमालाच काय धाड भरली होती?"

"भीती वाटली, अव्वा. एकदा डोळ्यांनी बघितलंय मी."

"मग मला सांगायचास. मी काय काचेची हाय?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "येडं लेकरू. साठीला आलं तरी येडंच. किती बायका इथं राबत्यात, त्यांची लेकरं इथं येत्यात. कुणाला जपलास तू?"

शांतव्वानं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले.

"टोचा," ती म्हणाली. "बुधवार सोडून कदीबी. बुधवारी मोठी ऑर्डर हाय."

त्यानंतर तिनं डॉ. शिधये यांना पाटावर बसवलं आणि पुढ्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि वर घट्ट दही ठेवलं. "घरी कोण कोण हाय गं तुझ्या?"

"कुणी नाही. आई-वडील गेले. बदल्या होत असतात, त्यामुळे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दुसरी भाकरी मात्र मागून घेतली.

टोचणी शुक्रवारी झाली. गल्लीत जीव गुंतलेल्या माणसानं सुई धरू नये, म्हणून ती डॉ. शिधये यांनी धरली. इरण्णा दोरीच्या आत, वायुमापकाशी उभे राहिले. ते कुणाच्या बापाच्यानं हलले नसते. गल्लीबाहेर बावीस बायका, त्यांची माणसं आणि खुर्चीत शांतव्वा.

सुई गेली. मापकाचा काटा चढला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. एरवी या वेळेला काटा शून्यावर येतो आणि लोक उठून खुर्च्या उचलू लागतात. काटा जागचा हलला नाही. पन्नास. बायकांच्या गप्पा थांबल्या. नव्वद मिनिटांना मुख्य झडप बंद करून गल्ली मृत जाहीर करायची, असं सतरावं कलम सांगतं.

"साहेब, तुम्ही बाहेर जा," डॉ. शिधये म्हणाल्या.

"मॅडम, मला बाहेर पाठवायला कलम दाखवा."

तसं कलम नव्हतं. एक तास दहा मिनिटांनी काटा केसभर खाली आला. इरण्णांना वाटलं डोळ्यांचा भास आहे, म्हणून त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला. पुन्हा वाचला. ऐंशीव्या मिनिटाला तो निम्म्यावर होता, पंच्याऐंशीव्याला शून्यावर. साय रुजली होती. इरण्णा रस्त्यावरच मांडी घालून बसले आणि सगळ्या गल्लीदेखत लहान मुलासारखे रडले. शांतव्वानं दोरी ओलांडली, त्यांच्या टकलावरून हात फिरवला आणि बायकांना सांगितलं, "शेगड्या पेटवा गं. दिवस गेला सगळा."

महिन्याभरात उरलेल्या बेचाळीस गल्ल्याही सुखरूप टोचल्या गेल्या. पण मंडळाला जे कळायचं ते कळलं होतं. जिवाणूंवर इलाज होता. निरीक्षकांच्या जिवावर काय इलाज करणार? बऱ्याच बैठकांनंतर एक अर्ज निघाला. त्यात एकच रकाना होता. आपल्या जिवाची माणसे ज्या ठिकाणी राहतात ते पत्ते लिहावेत. दर सहा महिन्यांनी, शपथेवर. ज्याच्या रकान्यात शहरातली एक जरी गल्ली असेल, त्याला त्या शहरात टोचणी ठरवण्याचा किंवा ढकलण्याचा अधिकार राहणार नाही.

इरण्णांनी पहिल्याच ओळीत मोगरे गल्ली लिहिली. अधिकार गेला, पगार तोच राहिला. शांतव्वाला त्यांनी अर्ज दाखवला तेव्हा तिनं आपलं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवायला लावलं. सरकारी कागदावर आपण कुणाच्या तरी जिवाचं माणूस म्हणून नोंदलेले आहोत, याचा तिला इतका आनंद झाला की तिनं तो अर्ज बावीस बायकांत फिरवला. एका कोपऱ्याला चटणीचं बोट लागलं.

सोलापूर विभागातल्या अठ्ठावन्न माणसांनी अर्ज भरले. सत्तावन्नांत शहरातली एखादी तरी गल्ली होती. एक रकाना कोरा होता. तो डॉ. ऋजुता शिधये यांचा. कुठं आणि कधी टोचायचं हे ठरवणाऱ्या, शहराच्या निवड अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ती बातमी घेऊन त्या गुरुवारी इरण्णांबरोबर शांतव्वाकडं जेवायला आल्या. निघताना शांतव्वानं त्यांच्या हातात जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेल्या बारा भाकरी आणि चटणीची पुडी दिली. "आता हितंच ऱ्हानार न्हवं? मग दर गुरुवारी यायचं. ह्याच्या शेजारी तुझा पाट. उपिटानं अंगाला काय लागतंय?"

डॉ. शिधये यांचे डोळे भरून आले. "येते, अव्वा," त्या म्हणाल्या.

त्या आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिन्यांनी इरण्णा कामानिमित्त त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा फायलींच्या कपाटावर ते फडकं तसंच बांधलेलं होतं. कडक भाकरी तीन-चार महिने सहज टिकते.

"मॅडम, अव्वा विचारते."

"माहीत आहे मला." त्या नकाशाकडं बघत होत्या. आता त्यावर एकही लाल ठिपका नव्हता. "दोनदा जेवले तिथं. आणखी एकदा जेवले तर पुढच्या अर्जात मला तो पत्ता लिहावा लागेल, साहेब. शपथेवर खोटं लिहिणार नाही मी. आणि मी लिहिला, तर या खुर्चीत कोण बसणार? दुसरा कोरा रकाना आहे का आपल्याकडे?"

इरण्णांनी खूप विचार केला. नव्हता.

"तुम्ही कुणाकडेच जात नाही?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला सगळं शहर सांभाळायचंय." मग ओशाळून हसल्या. "ते फडकं तेवढं परत नेऊ नका. असू दे इथं."

मोगरे गल्ली आज शहरातल्या सर्वांत सुरक्षित गल्ल्यांपैकी एक आहे. गुरुवारी शांतव्वा अजून दोन पाट मांडते. दुसऱ्या पाटासमोर ताट वाढते, थोडा वेळ वाट बघते.

"एवढ्या मोठ्या गावात एकलीच जेवत असंल रं ती," ती म्हणते. "तिला सांग, अव्वा रागावली न्हाई म्हणून. कधी येनार?"

"कामात हाय, अव्वा," इरण्णा म्हणतात आणि मान खाली घालून भाकरी मोडत राहतात.