केरोच्या संगमावरून

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर इलिनॉयमध्ये शॉमबर्गला या, गाडी ड्राइव्हवेतच उभी आहे. पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून बघा...

मी बसणार नाही.

गेल्या मार्चमधला शनिवार. माझ्या बायकोचे, हिमानीचे, जगन्नाथकाका वारले होते. अस्थी सोडायला आम्ही केरोला गेलो. इलिनॉयचं पार दक्षिण टोक. तिथे ओहायो मिसिसिपीला मिळते.

जागा काकांनीच ठरवून ठेवली होती. "पाणी जास्त ओहायोचं, नाव मिसिसिपीचं," ते म्हणायचे. "आमच्या घरासारखं. राबते सुलेखा, पाटी माझी!"

माझ्या गाडीत काका कायम पुढे. बेल्टचा आळस. गाडी टिंग-टिंग करायची, मग मागून सुलेखाकाकू खेकसायच्या, "अहो, बेल्ट!"

जाताना त्या सीटवर कलश होता. बेल्ट लावून.

वाटेत काकू एकच वाक्य बोलल्या. "बॉथेलला लेकीकडे जायचं खरं... पण एकटी कशी जाऊ रे, सौमित्र?"

टोकावर आम्ही तिघंच. वारा नाही. पक्षी नाहीत. डावीकडे हिरवट ओहायो, उजवीकडे चहासारखी गढूळ मिसिसिपी. मध्ये रेघ. दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहत होतं... मिसळत नव्हतं.

कोणी रडलं नाही. आत सगळं बधिर.

गुरुजींनी फोनवर बजावलं होतं, "मागे बघू नका. बोलावू नका."

काकूंनी कलश रिता केला. आणि जन्मभर दारात उभं राहून म्हणायच्या, तसंच सवयीने म्हणाल्या, "लवकर या हं."

हिमानीने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे.

मागे वळून मात्र कोणी पाहिलं नाही. तेवढा नियम पाळला.

परतताना हिमानी मागे, काकूंचा हात धरून. पुढची सीट रिकामी. दोन्ही बाजूंना सपाट, ओसाड मक्याची शेतं.

आणि मग...

टिंग. टिंग.

पुढच्या सीटचा बेल्ट. मी सीट चाचपली. पर्स नाही, जॅकेट नाही. सीट गार.

"सेन्सर गेला असेल."

"यार, गाडी थांबव," हिमानी म्हणाली.

काकू खिडकीबाहेरच बघत होत्या. "अहो, बेल्ट."

खट्.

आवाज थांबला.

मी थेट घरी येऊन पाहिलं. बेल्ट लावलेला. खाली मॅटवर पाणी. अर्धं हिरवट, अर्धं गढूळ...

मध्ये रेघ.

पुढच्या आठवड्यात काकूंना एअरपोर्टला सोडलं. वाटभर टिंग नाही, कारण काकूंनी निघतानाच "अहो, बेल्ट" सांगून ठेवलं होतं. उतरल्यावर त्यांनी पुढचं दार उघडलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ थांबल्या. दार लावलं.

"चला," म्हणाल्या. माझ्याशी नाही.

किती दिवसांनी चेहरा सैल झाला होता त्यांचा.

खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी हात हलवला. आणि घरातली सवय माझ्याही तोंडून निघाली, "या हं परत!"

हायवेला लागलो...

टिंग. टिंग.

संध्याकाळी बॉथेलहून काकूंचा फोन आला.

"पोचले रे." मग म्हणाल्या, "विमानात शेजारची सीट रिकामी होती. रिकामीच होती, सौमित्र. ते आहेत का तिकडे?"

मी म्हटलं, "नाही, काकू."

आता रोज ऑफिसला निघताना मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणतो, "काका, बेल्ट."

खट्.