बोलका वाळा

कृष्णाई सोसायटीत मजल्यागणिक एक तरी तान्हं मूल होतं. पण जिन्यात उभं राहून कान दिला, तर ऐकू यायच्या त्या कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरची घरघर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचा तरी पेटीचा रियाज. बाळांचे हुंकार होते, खिदळणं होतं, ‘बा-बा-बा’ही होतं. रडणं तेवढं नव्हतं. साताऱ्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात तान्ह्या मुलांनी रडायचं सोडून दिलं होतं, आणि त्याचं कुणाला नवलही उरलं नव्हतं.

ही सगळी करामत बोलक्या वाळ्याची. बाळ रडायला लागतं, तेव्हा त्याचा त्रास सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो. आधी श्वासाची लय बदलते, मग नाडीची चाल, मग तळपायाला बारीकसा घाम येतो, आणि मग कुठे ओठ वाकडा होतो. बाळाच्या पायातला वाळा हे सगळं त्या घामाच्या आसपासच ओळखायचा आणि आईच्या मनगटावरच्या कंकणाला कळवायचा. कंकण तुटक थरथरलं की भूक, सलग थरथरलं की झोप, आणि नुसतं कोमट झालं तर बाळाला बाकी काही नको, कुशी हवी. शिवाय प्रत्येक मुलाचा स्वभाव निराळा. कुणी चटकन भडकतं, कुणी सावकाश कुरकुरतं. वाळा तो स्वभाव महिन्याभरात शिकून घ्यायचा आणि आईला त्या बाळाच्या चालीनं चालायला लावायचा. जन्मल्याबरोबरचा टाहो काय तो सुटायचा. मग तासाभरात वाळा पायात, की आवाज बंद.

चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या ओवी निकमला हा वाळा म्हणजे देवच वाटे. बाळंतपणाआधी ती फार घाबरलेली होती. तिची आई नेहमी सांगायची, की ओवी लहानपणी सहा महिने अखंड रडली आणि आपल्याला तिचं काही म्हणता काही कळलं नाही. हे ऐकून ऐकून ओवीनं मनाशी एकच गोष्ट घट्ट धरली होती: आपल्या बाळाच्या बाबतीत चुकायचं नाही. आणि आठ महिने ती खरोखरच चुकली नव्हती. लेकीचं नाव गोदावरी. जुन्या नावांची फॅशन पुन्हा आली होती ना! आजीचं नाव सायली आणि नातीचं गोदावरी, असा तो काळ.

संक्रांतीला गोदूचं बोरन्हाण होतं. ध्रुव, म्हणजे गोदूचा बाबा, बोटीवर नोकरीला. तेव्हा सगळी सूत्रं ओवीच्या सासूबाईंच्या, सायलीबाईंच्या हातात. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे यांनी परात भरली होती. काळं झबलं शिवून तयार होतं. आणि हलव्याचे दागिने तर सायलीबाईंनी स्वतः ओवले होते. बाजारातला गुळगुळीत हलवा त्यांना मंजूर नव्हता. हलव्याला काटा हवा म्हणजे हवा. मुकुट झाला, हार झाला, बाजूबंद झाले, आणि शेवटी पायातले इवलेसे वाळे.

“ओवी, ते यंत्र काढ गं घटकाभर,” सायलीबाई म्हणाल्या. “एका पायात हलव्याचा वाळा आणि दुसऱ्यात ते? फोटोत दिसेल का बरं? आणि साखर चिकटली की बसेल बंद पडून.”

ओवीलाही ते पटलं. तिनं गोदूच्या पायातला वाळा काढला, स्टीलच्या डबीत ठेवला आणि डबी फ्रीजवर ठेवून दिली. सायलीबाईंनी त्या जागी हलव्याचा वाळा बसवला आणि दोऱ्याला दोन गाठी मारल्या.

मग गोदूला पाटावर बसवून डोक्यावर परात रिकामी केली. चुरमुरे सरसर खाली आले, बोरं टपटप आपटली, एक करवा कपाळावर बसून उडाला. गोदूनं डोळे मिटले, उघडले आणि सगळ्यांकडे पाहिलं. ना हसली, ना दचकली.

“काय गुणाची आहे गं!” खालच्या मजल्यावरची मैथिली म्हणाली. तिच्या कडेवर तिचा अद्वय होता. “आमचा अद्वयही अस्साच. दोन वर्षांचा झाला, पण मी त्याचं रडणं म्हणून ऐकलेलं नाही.”

बायका कौतुकानं हसल्या. हसली नाही ती फक्त केतकीमावशी. ओवीची ही सख्खी मावशी पुण्यात संशोधक होती, आणि बोलका वाळा ज्या मोजक्या माणसांनी घडवला, त्यांतली एक होती. ती भिंतीला टेकून एकटक गोदूकडे बघत होती.

हळदीकुंकू सुरू झालं. गोदू पेंगुळल्यासारखी दिसली, म्हणून ओवीनं तिला आतल्या पलंगावर उशांच्या मध्ये निजवलं आणि ती वाण द्यायला बाहेर आली. अधूनमधून सवयीनं मनगटाकडे बघत होती. कंकण गप्प होतं. म्हणजे गोदू झोपली, असं समजून ती आणखी एकीला तिळगूळ देई, आणखी दोन शब्द बोले. बायका पांगल्या तेव्हा उन्हं कलली होती.

“ओवी, आत ये बघू,” मावशीची हाक आली.

गोदू जागी होती. दाराकडे डोळे लावून पडली होती. हार सरकून गळ्याखाली आला होता आणि हलव्याच्या काट्यांनी कोवळ्या कातडीवर लाल ठिपक्यांची माळ उमटवली होती. पायातल्या हलव्याच्या वाळ्याचा दोरा तर मांसात रुतला होता आणि पाऊल लालभडक होऊन सुजलं होतं. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. तोंडातून मात्र आवाज नव्हता.

ओवीनं कात्री आणून दोरा कापला. “अगं, पण कंकण वाजलंच नाही! मी सारखी बघत होते...” एवढं बोलली आणि तिला फ्रीजवरची डबी आठवली.

“माझ्याच हातनं घट्ट बांधला गेला,” सायलीबाई पाऊल चोळत पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“दोऱ्याचं राहू द्या, सायलीताई. सूज उतरेल रात्रीपर्यंत,” मावशी म्हणाली. “ओवी, वाळा डबीत होता, हे कळलं. पण ही रडली का नाही, हा प्रश्न पडतो का तुला?”

“ती रडतच नाही, मावशी. शांत आहे स्वभावानं.”

“शांत?” मावशीला हसू आलं, पण ते काही सुखाचं नव्हतं. “तिच्या वाळ्यातली नोंद मी सकाळीच बघितली. शांतबिंत काही नाही. ही पोर मुळात आगीचा लोळ आहे. चटकन भडकणारी, भडकली की लवकर न विझणारी. वाळा नसता तर हिनं सोसायटी डोक्यावर घेतली असती.”

“निकमांचाच राग!” सायलीबाई डोळे पुसता पुसता एकदम म्हणाल्या. “ध्रुवचे आजोबा आमटी अळणी झाली तर वाटी भिरकावायचे.” त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

ओवी गोदूकडे बघत राहिली. आठ महिने जिला छातीशी धरलं, तिचा स्वभाव आपल्याला आज दुसऱ्याकडून कळतोय, हे तिला फार लागलं.

“हे बघ,” मावशी पलंगावर बसत म्हणाली, “पूर्वीच्या आया बाळाचं म्हणणं निम्म्याहून जास्त वेळा चुकीचं ओळखायच्या. भूक लागली तर झोपवायच्या, झोप आली तर खुळखुळा वाजवायच्या. बाळ आणखी ओरडायचं. मग आई दुसरं काही करून बघायची, तिसरं करून बघायची, आणि कधीतरी जमायचं. आम्ही म्हटलं, या चुकाच काढून टाकू. काढल्या. पण चुकल्यानंतर जे जुळतं ना, तेही त्यांच्याबरोबर गेलं. बाळ नेमकं तिथं शिकतं, की मी आवाज दिला तर जगात कुणीतरी हलतं.”

“म्हणजे गोदूला...”

“गोदूला तू चांगली माहीत आहेस. पण तुला बोलवावं लागतं, हे माहीत नाही. तू तिला हवेसारखी. असतेसच. आणि नसलीस, तर ती वाट बघते. आत्ता बघत होती तशी.”

ओवीनं विचारलं, “मोठी झाल्यावर शिकतात का गं?”

“पहिले वाळे घातलेली मुलं आता शाळेत जातात. शिक्षक खूश आहेत. भांडण नाही, हट्ट नाही. मध्यंतरी एका शाळेत एक मुलगी स्वच्छतागृहात अडकली. बाहेरून कडी पडली होती. दुपारभर आत बसून होती, पण दार वाजवलं नाही की हाक मारली नाही. विचारलं तर म्हणाली, येईल की कुणीतरी.”

“आणि हे तू मला आज सांगतेस?” ओवी उसळली. “तूच घडवलास ना हा वाळा?”

“मलाच उशिरा कळलं, बाळा. आणि अजून पुरतं कळलेलं नाही. वाळा काढून टाक, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काढलास तर तुला काही समजणार नाही आणि तिलाही. रोज चुकशील. तिला त्रास होईल, आणि तो तुझ्यामुळे होईल.”

ओवीला रडू कोसळलं. गोदू तिच्या तोंडाकडे बघत होती. आईच्या तोंडातून निघणारा तो आवाज कसला, हे तिला कळत नव्हतं. मग तिनं हात लांब करून आईच्या ओल्या गालाला बोट लावलं. त्याच क्षणी ओवीचं ठरलं. तिनं कंकण काढलं आणि फ्रीजवरच्या त्याच डबीत टाकलं.

पुढचे दिवस म्हणजे नुसता गोंधळ. ओवी अंदाजानं भरवी, अंदाजानं निजवी आणि नऊपैकी आठदा चुके. गोदू ओरडत नसे. नुसती वाट बघे, आणि मग मलूल होऊन कोपऱ्याकडे तोंड फिरवी. ते बघताना ओवीचा जीव तीळतीळ तुटे. दोनदा तर तिनं डबी हातातही घेतली होती.

“तुम्हाला कसं कळायचं हो, आई?” तिनं एकदा काकुळतीनं विचारलं.

“कुठलं कळतंय! मी फोनवर शोधायचे,” सायलीबाई म्हणाल्या. “आणि फोनही चुकायचा. मग आम्ही दोघं मिळून रडायचो, मी आणि ध्रुव.”

पण हळूहळू काहीतरी हलायला लागलं. एकदा नको असलेली खीर पुढे आली, तेव्हा गोदूनं कपाळाला आठी घातली. दुसऱ्या दिवशी तिनं चमचा भिरकावला. सायलीबाईंनी भिंतीवर उडालेला खिरीचा डाग पुसायला नकार दिला.

रथसप्तमीला सकाळी सोसायटीच्या बायका गच्चीवर जमल्या. सूर्याला तोंड करून गोवऱ्यांवर बोळकी मांडली होती आणि दूध उतू जायची वाट बघणं चाललं होतं. गोदू झोपली होती, म्हणून ओवी दार उघडं ठेवून वर आली होती. खाली तिचं घर, वर गच्ची, मध्ये एक जिना. सायलीबाई शेजारीच बसून गोवरीला फुंकर घालत होत्या. दुधाला नुकती साय धरू लागली होती.

तेवढ्यात जिन्यातून एक आवाज आला. चिरका, तापलेला, न थांबणारा. गच्चीवरच्या गप्पा बंद पडल्या. सगळ्या आयांनी एकदम आपापल्या मनगटाकडे पाहिलं. सगळी कंकणं गप्प होती. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

“मांजर असेल,” एक जण म्हणाली. कुणी जागचं उठलं नाही; सायलीबाईंची फुंकर तेवढी अर्ध्यावर थांबली.

ओवीनंही मनगटाकडे पाहिलं होतं. तिथे कंकण नव्हतं. कंकणाच्या जागी कातडीचा फिकट पट्टा तेवढा होता. त्या पट्ट्याकडे बघता बघता तिला उमगलं, की हा आवाज गोदूचा आहे. पोटच्या पोरीचं रडणं तिला ओळखू आलं नव्हतं. ऐकलंच नव्हतं ना कधी.

ती दोन दोन पायऱ्या उतरत धावली. गोदू पलंगावर उठून बसली होती. तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या. ओवीनं तिला छातीशी घेतलं, तर गोदूनं ढकललं. पाणी दिलं, ते सांडलं. खांद्यावर घेतलं, तर आवाज आणखी चढला. ओवीही रडायच्या बेताला आली होती, आणि तेव्हा तिला दिसलं, की सरकलेल्या पडद्यातून ऊन थेट गोदूच्या डोळ्यांवर येतंय. तिनं पडदा ओढला.

गोदू थांबली. एक उसासा, दोन उचक्या. मग तिनं आईकडे नीट निरखून पाहिलं आणि पुन्हा एकदा ओरडली. त्यात राग नव्हता. ओवी दचकून हलली. गोदू परत ओरडली, ओवी परत हलली. मग गोदू जी खदखदून हसत सुटली, ती थांबेचना. तिला जगातली सगळ्यात मोठी गंमत सापडली होती. ओवी तिला कुशीत घेऊन हसत होती, रडत होती, आणि इतकी सुखी ती मागच्या आठ महिन्यांत कधीच नव्हती.

दारात मैथिली उभी होती. कडेवर अद्वय होता, नेहमीसारखा गप्प.

“दूध उतू गेलं तुझं, चांगलं पूर्वेला गेलं,” ती म्हणाली. “काय झालं होतं गं? केवढ्यानं ओरडली!”

“काही नाही. मला बोलावत होती.”

मैथिली आत आली नाही. तिनं आधी आपल्या कंकणाकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे. त्याच्या ओठांवरून तिनं अंगठा फिरवला.

“ओवी,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “अद्वयनं मला असं बोलावलं, तर त्याचा आवाज कसा असेल गं?”