तांदळाखालचं नाव

नंदिगड्ड्याच्या खालच्या अंगाला, भर रानात, एक लहानशी वाडी आहे. तिथला गावकार, म्हणजे वाडीचा मानकरी, धाकलू. दिवाळी होऊन गेली, ओढ्याचं पाणी उतरायला लागलं, तसा एका संध्याकाळी तो बांधाची जागा बघायला खाली उतरला. काम साधंच. पावसाळ्यात ओढा बांध वाहून नेतो. पावसाळा सरला की वाडी दगडमातीचा नवा बांध घालते, पाणी पाटानं वळवते आणि त्यावर वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, भात पिकवते. पण त्या संध्याकाळी तिथं आधीच कुणीतरी कामाला लागलं होतं.

धप्... धप्... ओल्या मातीवर धोपटणं बसत होतं. नुकत्या फोडलेल्या वारुळाच्या मातीचा वास सगळीकडं भरला होता. धाकलूला वाटलं, सून आली असेल.

"रेश्मा, दिवेलागण झाली गे. ऱ्हाऊ दे आता."

धोपटणं थांबलं नाही. धाकलू करंजाच्या झाडाला वळसा घालून पुढं झाला आणि जागच्या जागी खिळला.

पाठमोरी बाई होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं हिरवं लुगडं, मानेवर पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा, डावा खांदा किंचित उतरलेला. तो खांदा धाकलूनं सगळा जन्म आपल्यापुढं ओझं घेऊन चालताना पाहिला होता. आणि याच नवरात्रात तिच्या तोंडात शेवटचं पाणीही त्यानंच घातलं होतं.

"अगे ए..." तो कसाबसा म्हणाला.

बायकोला तो अशीच हाक मारायचा. बाईनं वळून बघितलं नाही.

घरी येऊन धाकलू ओसरीवर टेकला. रेश्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिला विचारायचीही गरज पडली नाही.

"माझ्याबी कानावर येतंय, मामा. परवापासनं. कुणाला बोलले न्हाई." ती चुलीकडं बघत राहिली. "आत्तीच हाय न्हवं?"

आता मागचं थोडं सांगायला हवं. धाकलूच्या बायकोच्या, तुळजाच्या, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. हात जोडून सगळ्यांनी तिला वचनं दिली. म्हशी विकणार न्हाई, नातीला शिकवू, तुळशीला पाणी घालू, एक ना दोन. कावळा आपला फणसाच्या फांदीवर बसून खाली बघत होता, पण उतरायचं नाव नाही. ऊन चढलं, माणसं कंटाळली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी गेले. बाईची कसली इच्छा राहिली ते कुणाला सुचलं नाही. बाईला इच्छा असते हे तरी कुणाला सुचलं होतं म्हणा!

आणि हा बांध! लोक त्याला 'गावकाराचा बांध' म्हणतात. पण तुळजा या घरात येईपर्यंत हा बांध दरसाल फुटायचा. पुरुषमंडळी देवाला गाऱ्हाणं घालायची, कोंबडा कापायची, वाडवडिलांच्या नावानं नारळ फोडायची, आणि पौषात बांध फुटायचा. जवळपासच्या वाड्यांतले लोक दात काढायचे. तुळजा नवी नवरी, डोक्यावर माती वाहता वाहता बघत राहिली. मग एक साल तिनं सांगितलं, दगड पाण्यावर रेलून लावा, उभे नको. मधे पाल्याच्या फांद्या घाला आणि वारुळाची माती भरा. टाच रुतायची बंद होईपर्यंत धोपटा. पुरुष हसले. हसले आणि सुपारी खायला सावलीत जाऊन बसले. बायकांनी तिनं सांगितलं तसा बांध घातला, आणि तेव्हापासून तो पावसाळ्याआधी एकदाही फुटला नाही. पुढं पुढं दुसऱ्या वाड्यांतूनही तिला बोलावणी यायला लागली. पदराला भाकरी बांधून ती जायची, दाखवायची, अंधाराच्या आत घरी येऊन चूल पेटवायची.

तालुक्याला, जोयड्याला, एकदा मोठा कार्यक्रम झाला. बांध राखल्याबद्दल शाल घातली ती धाकलूला. तो बोलला काय, तर "आमच्या पूर्वजांची पुण्याई." तुळजा नातीला काखेत घेऊन गर्दीच्या मागं उभी होती. परत येताना जीपमध्ये ती पदराआड हसून म्हणाली, "तुमचं पूर्वज वारुळाची माती आणायला कवा गेलते, अवो?" धाकलूही हसला होता. तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली.

आता मात्र त्याला रात्रभर ते हसू आठवत राहिलं. सकाळी त्यानं ट्रंकेतून शाल काढली आणि तिन्हीसांजेला बांधावर नेऊन ठेवली. तुळजा आपल्या कामातच होती.

"घे. तुझीच हाय ही. चुकलो मी..."

धप्... धप्...

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो आणि रेश्मा खाली गेले. शाल दगडावर होती. पिळून, गोल गुंडाळून तिची चुंबळ केलेली. चिखलानं माखलेली आणि मधोमध पाटीच्या वजनानं दबलेली. रेश्मानं ती हातात घेतली मात्र, तिला हुंदका आवरेना.

"शाल न्हाई पायजे ओ तिला, मामा. शालीचं तिनं काय करायचं?"

मग काय पाहिजे होतं? त्या संध्याकाळी धाकलू पुन्हा गेला. जवळ जायचा धीर होईना. लांबूनच त्यानं साद घातली, "तुळजा!" जिवंतपणी हे नाव त्यानं क्वचितच उच्चारलं असेल. धोपटणं तसंच चालू. जसं काही दुसऱ्याच कुणाला बोलावलंय.

आणि तेव्हा त्याला ते आठवलं. तुळजा हे तिचं नावच नव्हतं.

या भागात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव काढतो, त्याला येत नसेल तर भटजी त्याचा हात धरतो. मग ते तांदूळ शिजवून सगळे गोड जेवतात. माहेरचं नाव त्या दिवसापासून सासरी काढायचं नाही. काढलं तर दोन्ही घरांना अपशकुन. दुसरं मूल वारलं त्या साली, याच बांधावर, तिनं एकदा त्याला ते सांगितलं होतं. आपण होऊन. "माझं नाव तुमास्नी ठाऊक हाय काय? त्याच्या आदीचं?" असं म्हणून तिनं ते हळूच उच्चारलंसुद्धा. धाकलू विडी पेटवत होता. "बरं," तो म्हणाला होता. त्याला विडी आठवत होती, ओली काडी आठवत होती, तिची पाण्यात बुडालेली पावलं आठवत होती. नाव तेवढं आठवत नव्हतं. त्यानं कपाळ बडवून घेतलं.

पहाटेची बस धरून तो जोयड्याला गेला आणि तिथून कुंभारवाड्याला, तिच्या माहेरी. धाकटा भाऊ परशुराम ओसरीवर दोर वळत बसला होता.

"या दाजी. असं अचानक?"

"परशा, तुझ्या बहिणीचं नाव काय रं?"

परशुरामाला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं धाकलूचं तोंड पाहिलं आणि दोर खाली ठेवला.

"आमी आक्का म्हणायचो..."

"नाव, नाव!"

"आई नुसतं चेडू म्हणायची, पोरगी म्हणून. बाबा तर हाकच मारत नव्हता. शाळेत तिला घातली न्हाई. मी ल्हान होतो, दाजी... थांबा, काय तरी होतं..." तो आढ्याकडं बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. त्याची बायको चहा घेऊन आली, चहा निवला. "आक्कानं मला पाठीवर वाढवला ओ," तो म्हणाला आणि म्हातारा माणूस गुडघ्यात डोकं घालून लेकरासारखा रडायला लागला. माहेरी तिच्या पिढीचं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

धाकलू परतला तेव्हा ओढ्यावर धुकं उतरत होतं. घरी न जाता तो थेट बांधावर गेला. ती तशीच पाठमोरी होती. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला.

"मी इसरलो गे. तू सांगितलं आणि मी इसरलो. आता सुचंल ते म्हणतो... तुझं असंल तर वळून बघ. नुसतं वळून बघ."

आणि तो बायकांची नावं घ्यायला लागला. "चंद्री... शेवंती... गंगी..."

'गंगी' म्हटलं आणि धुक्यात काहीतरी हललं. तिच्यामागं दुसरी एक बाई होती. तिच्यामागं आणखी एक. ओढ्याच्या वरच्या अंगापर्यंत बायकांची रांग उभी होती, मातीच्या पाट्या या हातातून त्या हातात देत, सगळ्या पाठमोऱ्या. त्यातली एक थांबली. तिनं पाटी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. धाकलूनं तिला कधी पाहिलं नव्हतं. "ओ," ती म्हणाली, इतक्या आनंदानं की त्याच्या अंगावर काटा आला. आणि ती धुक्यात विरून गेली.

"भागू... यशोदी... पारू..."

"ओ..."

"सुंदरी... मंजुळी..."

"ओ..." हिच्या कपाळावर गोंदण होतं, त्याच्या आजीच्या कपाळावर होतं तसंच. आजीला सगळे आजीच म्हणायचे.

धाकलूचा घसा बसला, तरी तो थांबेना. देवींची नावं झाली, नद्यांची झाली, फुलांची झाली. एकेक पाटी खाली ठेवली जात होती, एकेक बाई वळत होती, ओ देऊन जात होती. कुणाच्या कोण, त्याला काही ठाऊक नव्हतं. रांग सरली. बांधावर नुसत्या मातीच्या पाट्या उरल्या आणि एकच बाई. उतरलेला डावा खांदा. धप्... धप्...

"अगे, किती येळ पाठ करशील..." तो चिखलात बसला. त्याच्याकडं आता एकही नाव शिल्लक नव्हतं.

रेश्मा कंदील घेऊन शोधत आली. तिनं त्याला धरून घरी नेलं, गरम पेज पुढं ठेवली. तो जेवत नाही असं बघून ती शेजारी बसली.

"मामा," ती म्हणाली, "माझं नाव सोनाली होतं. ध्यानात ठेवा हं."

बांध घालायच्या दिवशी अख्खी वाडी जमली. उजेड लख्ख होता. बघतात तर काय, बांध निम्म्याच्या वर आधीच घातलेला. दगड पाण्यावर रेललेले, टाच रुतू नये इतकी माती घट्ट. कुणी कुणाला काही विचारलं नाही. धाकलूनं नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. या वेळी वाडवडिलांच्या आधी त्यानं गंगीचं नाव घेतलं, मग भागूचं, सुंदरीचं, ज्यांनी ओ दिली होती त्या सगळ्यांचं. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले, पण मागं उभ्या बायकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, मग त्यांनाही म्हणावं लागलं.

"आनि जिनं ह्यो बांध बांधला," धाकलू म्हणाला, "ती..."

तिथं तो थांबला. त्याला पुढं येत नव्हतं.

दरसाल गाऱ्हाण्यात तो तिथं थांबतो. वाडीतली सगळी माणसं तेव्हा श्वास धरून उभी असतात, कारण भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, रिकाम्या बांधावर धोपटण्याचा आवाज चालू असतो, आणि बरोबर त्याच क्षणी तो आवाजही थांबतो. कुणीतरी कान देऊन उभं राहावं तसा. धाकलूचे ओठ हलतात, मिटतात.

मग धोपटणं पुन्हा सुरू होतं.