बावेल्लाच्या घाटातला आडोसा

लेवी गावच्या चौकात सकाळपासून रिपरिप चालू होती. संघाच्या गाडीच्या पायरीवर बसून ओर्सुला सांतोनी डब्यातला भात चमच्याने उकरत होती. भूक नव्हती. पण शर्यतीआधी खायचं असतं, म्हणून ती खात होती.

तीन दिवसांच्या सायकल शर्यतीतला तो दुसरा दिवस. कॉर्सिका तिचं स्वतःचं बेट, त्यामुळे रस्त्याच्या भिंतींवर पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहिलेलं होतं. मागच्या वर्षी ते दिसताच तिने वेग वाढवला होता. या वर्षी ते नाव तिने दुकानाच्या पाटीसारखं वाचलं आणि पुढे गेली. नोव्हेंबरात आई वारली तेव्हापासून हे असं होतं. दफनाच्या वेळी ती रडली नाही, नंतरही नाही. डॉक्टरांनी तपासलं, हृदय उत्तम, रक्त उत्तम. पायांत ताकद होती. फक्त आत कुणीतरी दिवा बंद करून निघून गेल्यासारखं वाटायचं.

संघाची प्रमुख गोदेलीव, बेल्जियमची, स्वतः पूर्वी शर्यती जिंकलेली बाई, तिच्याशेजारी येऊन टेकली.

"आज काहीतरी करून दाखव, ओर्सुला. नाहीतर पुढच्या वर्षासाठी तुझी बाजू कुठल्या तोंडाने मांडू मी?"

ओर्सुलाने मान हलवली. नोकरी जाईल हे तिला कळत होतं. भीती मात्र वाटली नाही.

झोन्झा गाव मागे टाकल्यावर बावेल्लाचा चढ सुरू झाला, आणि ती सरळ घोळक्यातून निघाली. कुणी पाठलाग केला नाही. अशा हवेत, एवढ्या लवकर एकटीने सुटणं म्हणजे वेडेपणाच होता. समुद्राकडून खिंडीतून वारा तोंडावर येत होता आणि उंच पाइनच्या झाडांमध्ये धुकं उतरलं होतं. दहा पावलांपलीकडचा रस्ता दिसत नव्हता. पेडल फिरवताना मांड्या भरून आल्या, बोटं बधिर झाली. हँडलवरच्या यंत्रात पायांच्या जोराचा आकडा दिसत होता, तो तिने डोळ्यांसमोर ठेवला.

मग वारा थांबला.

म्हणजे थांबला नव्हता. दोन्ही बाजूंची झाडं वाकत होती, कानांच्या कडेने शीळ वाजत होती. फक्त तिच्यासमोर एक माणूसभर जागा शांत झाली होती. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकीला ही जागा अंगाने ओळखू येते. पुढे कुणीतरी असलं की तिच्या पाठीमागे असा आडोसा मिळतो. यंत्रातला आकडा घसरला आणि वेग तेवढाच राहिला.

पुढे कुणी नव्हतं. धुकं आणि ओला रस्ता.

ओर्सुलाने ते पाहिलं आणि ती त्या आडोशात राहिली. काही वेळाने, सवयीनेच, ती बाजूला सरून पुढे आली आणि आपली पाळी म्हणून वारा अंगावर घेतला. दमल्यावर पुन्हा बाजूला सरली. आडोसा पुन्हा समोर आला. दोघी मिळून सुटल्यावर जसं करतात, तसंच. पुढे राबणारीला फसवायचं नाही, एवढं तिच्या अंगात मुरलेलं होतं.

शर्यतीची मोटरसायकल मागून आली. तिच्या मागच्या सीटवर पेत्रु-सांतु नावाचा झोन्झाचाच म्हातारा फळा धरून बसला होता. कोण पुढे, कोण किती मागे, हे तो त्यावर खडूने लिही. त्याने फळा तिच्याकडे वळवला. वर लिहिलं होतं: पुढे दोघी.

मोटरसायकल पुन्हा मागे गेली.

खिंडीवरचा मेरीमाउलीचा पांढरा पुतळा धुक्यात आला आणि गेला. समोर सोलेन्झारापर्यंतचा उतार होता. एरवी ती इथे बेताने उतरायची, कारण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. पण आडोसा वेगाने निघाला आणि तीही निघाली. वळण दिसायच्या आधीच तो वळायचा. तिला फक्त त्या शांत जागेत राहायचं होतं. तिथे थंडी नव्हती. पेडल थांबवलं की तिच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची, आणि तिच्या जरा पुढे दुसरी टिकटिक. कित्येक महिन्यांनंतर तिला बरं वाटलं. ब्रेकवरची बोटं आपोआप सुटली.

कानातलं यंत्र घाटभर मुकं होतं. ते खरखरलं आणि गोदेलीवचा आवाज आला.

"ओर्सुला, सगळे म्हणतायत पुढे दोघी आहेत. तुझ्याबरोबर कोण आहे? नंबर सांग मला."

तिने नंबर बघायला मान वर केली.

पाठ नव्हती. नंबर नव्हता. समोर रस्ताही नव्हता.

तिने दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक घसरलं, सायकल आडवी झाली, आणि तिचा पाय रस्त्याच्या कडेच्या खडीत रुतला. त्यापुढे पाइनचे शेंडे होते, तेही पायाखाली.

वारा तोंडावर आला.

दुसरी टिकटिक पुढे गेली. खाली नाही. सरळ, दरीवरून, त्याच उंचीवरून, एका लयीत, ऐकू येईनाशी होईपर्यंत.

मोटरसायकल तिच्याजवळ येऊन थांबली. पेत्रु-सांतुने तिच्याकडे पाहिलं, मग वळणाकडे, मग दरीकडे.

"दुसरी कुठं गेली?"

"पुढे," ती म्हणाली.

त्याने बाहीने फळा पुसला. 'पुढे एकटी' एवढं लिहायला त्याला थोडा वेळ लागला.

"आता कुणाच्या मागे जाऊ नको, पोरी," तो म्हणाला. "माझ्या मोटरसायकलच्याही नको."

उरलेला घाट ती ब्रेक धरून उतरली. सोलेन्झाराच्या बंदराजवळ शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मागे कुणीच नव्हतं. गोदेलीवने तिला मिठी मारली आणि पुढच्या वर्षाची काळजी सोड म्हणाली. फोटोवाल्यांनी शेवटच्या सरळ रस्त्यावरचा फोटो दाखवला. रिकामा रस्ता, मागे करडा समुद्र, आणि ती एकटी. "छान," ती म्हणाली.

नंतर गाडीत मालिश करणारी इलुमिनादा गरम पाण्याचा टॉवेल घेऊन आली. इतकी वर्षं रेघेवर पोरींची तोंडं पुसलेली बाई ती. पहिला हात फिरवून थांबली.

ओल्या रस्त्यावर एकटीने चालवलं तर आपल्याच चाकाने पाठ माखते. तोंड माखतं ते दुसरीच्या मागे चिकटून राहिल्यावर. ओर्सुलाच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत चिखलाचा जाड, सरळ पट्टा होता. पापण्यांवर, ओठांवर, नाकपुड्यांत.

"कुणाच्या मागे होतीस एवढा वेळ?" इलुमिनादाने विचारलं.

ओर्सुलाच्या दातांत रेती कचकचत होती. थुंकायला तिच्यापुढे पेला धरलेला होता. तिने जीभ फिरवून ती सगळी गोळा केली आणि गिळली.