चेहराबंदी

दारूबंदी, जिल्हाबंदी लोकांना जुनीच ठाऊक होती. चेहराबंदी आली ती अलीकडे. बाईचा पाठलाग केल्याबद्दल एखादा दोषी ठरला, की त्याच्या कानामागे तांदळाएवढी चकती बसवायची. चेहरे ओळखण्याचं काम मेंदूचा एक लहानसा कोपरा करतो. त्या बाईचा चेहरा समोर आला, की चकती त्या कोपऱ्यात गोंधळ उडवून देते. बाकी सारं जग लख्ख, तिच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता धुरकट गोळा. जी ओळखूच येत नाही तिच्या मागे कोण लागणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'हिच्या जवळ फिरकू नकोस' असे पूर्वीचे हुकूम तर सरकारनं हौसेनं मोडीत काढले. शहाणपण उतू चाललं होतं ना!

संजीवनी वाघचौरेनंही तेव्हा देवापुढे पेढे ठेवले होते. निनाद शेलारनं कोल्हापुरात तिला जीव नकोसा केला होता. त्याला चकती बसली, तरी धास्तीपोटी तिनं लांब केस कापले, जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरी धरली आणि धाकट्या बहिणीला, अबोलीला, सोबतीला आणलं.

एकदा आठवडी बाजारात ती नाकातोंडावर स्कार्फ बांधून वांगी निवडत होती. शेजारून आवाज आला, "संजू, केस बरे दिसतात गं असे."

तिच्या हातून वांगी पडली.

"घाबरतेस काय? गावोगावचे बाजार पालथे घातले मी. इतक्या बायका, इतके चेहरे, आणि पुसलेला तेवढा एकच. लगेच सापडलीस!" निनादनं हसून नमस्कार केला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीच्या फाटकासमोर उभा राहू लागला.

"ताई, त्याला तुम्ही दिसतच नाही, मग पाठलाग कसला?" पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला. "कायद्यात बसत नाही हो." माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला, त्यामुळे तर तिला जास्तच रडू आलं.

शेवटी दोघी बहिणींनी चकती बनवणाऱ्या डॉ. यास्मिन मुजावर यांची प्रयोगशाळा गाठली.

"स्कार्फ होता डॉक्टर. डोळे तेवढे उघडे," संजीवनी म्हणाली.

"डोळ्यांवरूनही ओळखते चकती." डॉक्टरांचा आवाज पडला. "वेश बदलला तरी तुम्ही त्याला दिसू नये, म्हणून आम्हीच तिला इतकं तल्लख केलं. बाई दिसली नाही म्हणजे लपली, असं वाटलं आम्हाला."

"लपली? अहो, तुम्ही माझ्या कपाळावर दिवा लावलात!"

"मग काढून टाका ना ती चकती," अबोली म्हणाली.

"डोक्यात पुन्हा हात घालायचा तर कायद्यानं त्याची संमती लागते. तो कशाला देईल? चकतीतला चेहरा बाहेरून पुसता येत नाही." डॉक्टर अडखळल्या. "चेहरे वाढवता मात्र येतात. इथूनच."

दोघींना काही उमजेना.

"आणखी काही बायकांचे चेहरे घातले, तर त्याला त्याही धुरकट दिसतील. त्या तुमच्या आसपास वावरल्या, तर त्यातल्या तुम्ही कोण, ते त्याला कळायचं नाही. त्या बायकांची संमती असली की कोर्ट परवानगी देतं."

"पण मग तो काय करील?" अबोलीनं विचारलं.

"एकेकीच्या मागे जाऊन बघेल."

"कोण तयार होणार याला?" संजीवनी पुटपुटली.

"मी," अबोली म्हणाली. "माझा घाला, डॉक्टर. उंचीही ताईएवढीच आहे माझी."

संजीवनीनं तिचा हात घट्ट धरला. धाकटीला सांभाळ म्हणून आईनं कितीदा बजावलं होतं! नको गं बाई, असं म्हणायचं होतं तिला. पण फाटकासमोरचा निनाद डोळ्यांपुढे आला. आता कधीतरी तो दुसरीच्या मागे जाईल, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला शिसारी आली, तरी तोंड उघडेना.

ती काही बोलते का म्हणून डॉक्टर थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी कॅमेरा अबोलीकडे वळवला.

"सरळ बघ, बाळा," त्या म्हणाल्या. "पापणी हलवू नकोस."