न्हाणीघराची कडी

वात जरा वर कर आणि ती खिडकी लोटून घे. भ्यायले म्हणून नाही, खाडीचे डास येतात. आमच्या मोठागावात भुतं बघणाऱ्या बायका पैशाला पासरी आहेत. कोणाला पिंपळावर दिसतं, कोणाला बंदरावर. मी त्यांच्यातली नव्हे. मी, सगुणा कोळीण, उभा जन्म डोंबिवलीचे जिने चढून म्हावरं विकलं. सडकं कधी ताजं म्हणून कोणाच्या पदरात घातलं नाही. हे सांगणंही तसंच समज.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. श्रावण संपला की गणपती बसेपर्यंत मधे थोडे दिवस मिळतात. तेवढ्यात पांढरपेशी माणसं म्हावऱ्यावर अशी तुटून पडतात, जणू महिनाभर उपास नव्हता, दुष्काळच होता. श्रावणात मी त्यांच्या बिल्डिंगींच्या पायऱ्या चढत नसे. पिठोरी अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन निघाले. पाटीत मांदेली, थोडी कोळंबी, वर ओला फडका. पाऊस उघडला होता. भर दुपारचं ऊन नुसतं चावत होतं, रस्त्यावर माणूस नाही.

‘आशीर्वाद’ बिल्डिंगीच्या जिन्याखाली उभी राहून मी हाक घातली, “म्हावराऽऽ घ्या गोऽ म्हावरा...”

ही हाक पुरी व्हायच्या आत दुसऱ्या मजल्यावरून चंदू खाली यायचा. चंदू म्हणजे सरोजवहिनींचा बोका. पिवळा, रुंद तोंडाचा, एक कान फाटलेला. गटारात सापडला तेव्हा त्याचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. वहिनींनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवला. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर ब्राह्मणाचं, कडक सोवळ्याचं. त्यात चंदूसाठी म्हावरं लागायचं. जिन्याच्या वळणावर जर्मनची एक ताटली ठेवलेली असे, तिच्यात मी मांदेली टाकायची, चंदू माझ्या नडगीला कपाळ घासायचा आणि मगच खायचा. मला मांजरांचं कौतुक नाही. आमच्या धंद्यात मांजर म्हणजे चोर. पण त्या सबंध बिल्डिंगीत माझ्या पाया पडणारा तो एकटाच होता.

वहिनींचा नवरा, अण्णा, हापिसातून रिटायर होऊन घरी बसलेला. मी वर गेले की नाकाला उपरणं लावून ओरडायचा, “ए कोळणी, उंबऱ्याच्या पलीकडे!” इतक्या वर्षांत त्या माणसाने माझं नाव कधी तोंडात घेतलं नाही.

त्या दिवशी हाक पुरी झाली. दुसऱ्यांदा घातली. चंदू आला नाही. जिन्यात गारवा होता आणि वास होता. म्हावऱ्याचा नव्हे. ओल्या केसांचा, आणि बंद खोलीत कुबट झालेल्या पाण्याचा.

पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी दार किलकिलं केलं.

“सगुणाबाई, आत या आधी. वर हाका मारू नका.”

“का? वहिनी मेल्या काय?”

“शुभ बोला हो! चंदू गेला.”

“कुठं गेला?”

“गेला म्हणजे... गेला.”

मी पाटी उतरवली. विमलाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि कुजबुजत सांगायला लागल्या. गोकुळाष्टमीचा दिवस. वहिनींचे भाऊ कल्याणला आजारी, म्हणून त्या तिकडे गेलेल्या. श्रावणात मी नाही, म्हणजे चंदूला म्हावरं नाही. त्याने कुठल्या कचऱ्यातून माशाचं डोकं पैदा केलं आणि थेट देवघरात नेऊन ठेवलं, बाळकृष्णाच्या पाळण्यापाशी. मांजर ते. आपला ऐवज आपल्या माणसाच्या सगळ्यांत चांगल्या जागी नेऊन ठेवतं. अण्णा सोवळं नेसून आला, त्याचा पाय त्या डोक्यावर पडला.

“मग मारलं?”

“छे! मांजर मारायचं पाप अण्णा घेतील होय? काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं.” विमलाबाई आणखी जवळ सरकल्या. “न्हाणीघरात घातलं आणि बाहेरून कडी लावली. पाण्याची बादलीसुद्धा बाहेर काढली. नळाला तर तेव्हा पाणी नव्हतंच. मी विचारलं, तर म्हणाले, ‘मी हात लावलेला नाही. मी फक्त दार लावलंय. मरणं न मरणं त्याच्या कर्मावर.’”

“ओरडत होता?”

“अहो, रात्रंदिवस! आमचं न्हाणीघर बरोबर त्याच्या खाली. पहिल्यांदा मोठ्याने, मग लहान मुलासारखा, मग नुसतं दार खरवडल्यासारखं. आमच्या ह्यांना तर झोप नाही.”

“आणि तुम्ही काय करत होता?”

“आपण कशाला दुसऱ्याच्या घरात...”

“कान तुमचे होते ना?” मी म्हटलं. “का तेही सोवळ्यात होते?”

विमलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. पुढचं त्यांनी भराभर सांगून टाकलं. झाडूवाल्याकरवी अण्णाने चंदूला पोत्यातून बाहेर काढलं. वहिनी आल्यावर सांगितलं, पळून गेला. वहिनींनी दारोदार शोधलं, हाका मारल्या. मग न्हायला गेल्या तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला, खाली, लाकडात रुतलेलं नख दिसलं. मुळासकट निघालेलं. त्या दिवसापासून वहिनी रडल्या नाहीत, की बोलल्या नाहीत.

मी पाटी उचलली आणि वर गेले. लोकांनी लावलेल्या दारापुढून निघून जायची मला सवय नाही.

दार उघडंच होतं. सरोजवहिनी ओट्यापाशी उभ्या. केसांना तेल, वेणीवर अबोली. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं नटलेलं पाहिलं नव्हतं.

“ये मावशी. आम्ही वाटच बघत होतो. मांदेली दे. काटे काढू नकोस, त्याला चालतात.”

“कोणाला, वहिनी? मला खाली सगळं कळलं. वाईट झालं.”

“झालं होतं.” त्या हसल्या. “काल पिठोरी झाली ना.”

पिठोरी आमच्याकडेही मोठी. आई पूजा करून खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरते, पाठमोरी बसते आणि विचारते, “अतीत कोण?” मागून पोर म्हणतं, “मी आहे,” आणि वाण घेतं. घेतल्याशिवाय आईने वळायचं नसतं. जो ‘मी’ म्हणेल तो तिचा, तिने त्याला वर्षभर राखायचा. ज्यांना मूल नाही त्या बायका या पूजेला बसत नाहीत. वहिनी बसायच्या. मागे चंदू बसलेला असायचा, तो मॅव करायचा, आणि बिल्डिंगीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

“काल मी एकटीच बसले,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. “विचारलं, अतीत कोण... कोणी बोलेना. पुन्हा विचारलं. न्हाणीघरात काहीतरी हललं, मावशी. मी ताट धरूनच ठेवलं. हात भरून आले. मग पुन्हा विचारलं, अतीत कोण... तेवढ्यात हे बाहेरच्या खोलीतून आले. म्हणाले, मेल्या जनावराची कसली पिठोरी करतेस? बंद कर हा तमाशा! आणि मागून ताट हिसकावलं. ओरडले, ‘मी आहे! या घरात मी आहे!’”

“मग?”

“मग मी वळून पाहिलं.”

एवढं बोलून त्यांनी ती जर्मनची ताटली माझ्यापुढे सरकवली. मी कोयती काढली. माझी बोटं आपोआप काम करत होती. पाटीच्या कडेवर कोयती आपटली मात्र, खिडकीखालच्या उन्हाच्या तुकड्यात काहीतरी उठलं.

अण्णा होता. गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता. अंगावर पंचा, गळ्यात जानवं. त्याने आधी पाठ ताणली. मग हातांवर आणि गुडघ्यांवर, घाईने नाही, हळूहळू, ओट्याच्या कडेला खांदा घासत माझ्यापर्यंत आला. आणि माझ्या नडगीला कपाळ घासलं.

मी वाघ पाहिलेला नाही, पण खाडीत मगर पाहिली आहे. तेव्हाही माझे पाय असे गार पडले नव्हते.

“अण्णा, उठा,” मी म्हटलं. “हे काय सोंग? उठा म्हणते ना!”

त्याने ताटलीत तोंड घातलं. कच्ची मांदेली, डोक्याकडून. डोळे मिटलेले. काटे दाढेखाली करकर वाजत होते.

“त्याला काय कळणार तू बोलतेस ते,” वहिनी म्हणाल्या. “लाडात आलाय तो. बघ कसा खातोय माझा राजा.”

नवऱ्याला अहोजाहो करणारी बाई ती. वीस वर्षांत तिच्या तोंडून त्याच्यासाठी एकेरी शब्द निघाला नव्हता. वाकून त्याच्या कानामागे खाजवत होती.

मी म्हटलं, ही बाई दुःखाने फिरली आहे, आणि याला उपाशी ठेवून, मारून, काहीतरी खायला घालून हिने असा केला आहे. माणसं करतात. मी पाहिली आहेत. तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला.

खर्र... खर्र... दाराच्या आतून, खालच्या बाजूने. मग ओरडणं. बारीक, घशातून ताणलेलं, मांजराचंच. पण ते चालीवर होतं. दुपारी संध्येला बसला की अण्णा नाकातून जसे मंत्र म्हणायचा, त्याच चढउतारांवर, शब्द नसलेलं, एकसारखं. मी समोर पाहिलं. अण्णाचं तोंड तर माशाने भरलेलं होतं.

“आत कोण आहे, वहिनी?”

“तिकडे लक्ष देऊ नकोस.” त्यांनी काटा उचलून ताटलीत टाकला. “ते अण्णा आहेत.”

“उघडा ते दार.”

“तूच उघड की. मी अडवलंय का?”

मी उठले. कडी लोखंडी होती, बाहेरून घातलेली, गार. मी ती काढली आणि दार लोटलं.

आत कोणी नव्हतं. कोरडी फरशी. रिकामी खुंटी. आवाज कापल्यासारखा थांबला. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या गुडघ्याच्या खाली, लाकूड पार सोलून निघालं होतं. पट्ट्यांवर पट्ट्या. त्यांत काळं वाळलेलं रक्त. किती वेळ लागला असेल एवढं लाकूड खरवडायला... मी वाकून पाहत होते, तेवढ्यात माझ्या घोट्यांना थंड झुळूक लागली. आतून बाहेर जाणारी.

मागे ताटली उलटली. अण्णा ओट्याखाली शिरला होता. भांड्यांच्या मागे अंग चोरून थरथरत होता, एवढा की वाट्या वाजत होत्या. आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं सांगू? कडी वाजली की काय होतं, हे ठाऊक असलेल्याचं भय.

“लाव!” वहिनी किंचाळल्या. पहिल्यांदाच. “मावशी, लाव ती कडी! ते परत शिरतील त्याच्यात... मग माझा चंदू कुठे जाईल गं? पुन्हा तिथेच... त्याला पुन्हा तिथेच मरायला लावू नकोस...”

मी त्या दारावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं. ओट्याखालच्या त्या जीवाकडे पाहिलं. आणि दार ओढून कडी घातली.

आतून दारावर वजन पडलं. मग आवाज आला. आता मांजराचा नव्हे. स्वच्छ, सभ्य, रिटायर माणसाचा.

“सगुणाबाई... कडी काढा.”

नाव ठाऊक होतं तर त्याला.

“सगुणाबाई, पाणी... तुम्ही तरी...”

मी काढली नाही. कोणी म्हणेल, दगड आहेस. म्हणू दे. तिथे माझ्या जागी उभं राहून म्हणावं. मी पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरले. विमलाबाई दारातच होत्या.

“काय म्हणतात अण्णा?”

“जेवले.”

वरून आवाज आला, “अहो, कोणी आहे का... कडी काढा...” विमलाबाईंनीही ऐकला. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. मग त्या आत गेल्या, दार लावलं आणि रेडिओ मोठा केला.

पुढे वहिनींनी ती जागा सोडली, आंबिवलीकडे गेल्या. नवऱ्याचं डोकं फिरलं तरी पोरासारखा सांभाळते, अशी बायको मिळायला पुण्य लागतं, असं लोक म्हणायचे. तो गुटगुटीत झाला होता. उन्हात बसलेला मी एकदा पाहिला. माझ्या पाटीचा वास आला तसा हसला. वरचा जिना मी नंतर कधी चढले नाही. त्या जागेत कोणी राहायला आलं का, त्यांनी दार उघडलं का, मी विचारलं नाही.

पण त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले आणि पाटी धुवायला बसले. पहिला तांब्या ओतला आणि पाण्याच्या आवाजाखालून कोणीतरी माझं नाव घेतलं. अगदी जवळून. पोटरीच्या उंचीवरून.

अजून घेतं. पाणी पडलं की हटकून. “सगुणाबाई, कडी काढा...” रडवेलं, कोरड्या घशाचं. कधीकधी दया येते, हात पुढे होतो, आणि तिथेच राहतो.

आमची न्हाणी परसात आहे. चार फरशा आणि वर आभाळ. तिला दारच नाही.